सोलेदाद नावाची हाक

ॲन आर्बर
१२ सप्टेंबर १९९५

मावशी,

जय भीम. रविवारी फोनवर ‘सगळं छान आहे’ म्हणाले ना, ते अर्धंच खरं होतं. देवानंद शेजारीच बसून विद्यार्थ्यांचे पेपर तपासत होता. त्याच्यासमोर बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र. काकांना दाखवू नकोस.

बाळ छान आहे. पाचवा महिना लागला. डॉक्टरांनी फेब्रुवारीचा दुसरा आठवडा सांगितलाय. लायब्ररीत मी आता अर्धाच दिवस काम करते. दुपारी घरी येते, दोन घास खाते आणि सोफ्यावर आडवी होते. तिथेच ते होतं.

डोळा लागतो न लागतो तोच कुणीतरी बाई हाक मारते. ‘सोलेदाद!’ मग थोडं थांबून पुन्हा, जरा घाईने, ‘सोलेदाद!’ आवाज लांबून येतो, मधे दोन-तीन दारं असावीत तसा. मी दचकून उठते, सगळ्या खोल्या बघून येते. कुणी नसतं. पहिल्यांदा वाटलं रस्त्यावर कुणी असेल. खिडकी उघडली तर समोरचे म्हातारे पानं गोळा करत होते, बाकी शुकशुकाट. आतापर्यंत अकरा वेळा झालं. मी मोजलंय.

देवानंदला एकदा सांगून पाहिलं. तो म्हणाला, ‘यार जागृती, इट्स जस्ट हॉर्मोन्स. डॉक्टरला कॉल करूया का?’ त्याच्या चेहऱ्यावर इतकी भीती होती की मीच त्याची समजूत काढली.

लायब्ररीत शोधल्यावर कळलं की हे स्पॅनिश बायकांचं नाव आहे. मला स्पॅनिशचा गंध नाही. या नावाचं कुणी मला ठाऊक नाही. मग ते माझ्या कानात आलं कुठून? तुझ्या ऑफिसात ती मेक्सिकोची पिलार आहे ना, तिला विचार. अर्थ काय, कुणाला ठेवतात, का ठेवतात, सगळं विचार.

आणि एक. गेल्या वर्षी मार्चमध्ये माझी मुलगी तुझ्या मांडीवर गेली. तीन दिवसांची, बिननावाची. जाताना तिने काही आवाज केला होता का? हे मी तुला कधी विचारलं नाही. आज विचारते.

तुझी
जागृती


ईडन प्रेरी
२० सप्टेंबर १९९५

चि. जागृती,

तुझं पत्र मेलबॉक्समधून थेट माझ्या पर्समध्ये गेलं. काकांना वाटलं विजेचं बिल आलंय, मीही तसंच वाटू दिलं.

पिलारला लंचच्या वेळी गाठलं. तिला नावाचा अर्थ विचारला की ती तिच्या सात पिढ्या सांगते, म्हणून सँडविच हातात धरूनच ऐकलं. सोलेदाद म्हणजे एकटेपणा. मी म्हटलं, ‘बाई गं, पोटच्या पोरीला एकटेपणा म्हणून हाक कोण मारतं?’ ती खूप हसली. म्हणाली, पूर्ण नाव मारिया दे ला सोलेदाद. येशूला शुक्रवारी पुरलं आणि रविवारी तो उठला असं ते मानतात. मधल्या शनिवारी त्याची आई एकटी उरली. त्या एका दिवसातल्या आईचं हे नाव. चर्चमध्ये तिची मूर्ती असते, काळ्या कपड्यांतली, हात जोडलेली, मूल जवळ नाही. बायका तिला नवस बोलतात आणि मुलगी झाली की नाव ठेवतात. मूळ शब्द लॅटिनमधला. स्पेनमधून मेक्सिकोत आला. घरात लाडाने ‘सोले’ म्हणतात, नाहीतर ‘चोले’. पिलारच्या आजीच्या पिढीत गल्लोगल्ली सोलेदाद असायच्या, आता मुलींना जेसिका नाव हवं असतं.

झालं समाधान? आता हे डोक्यातून काढून टाक. टीव्हीवर कधीतरी कानावर पडलं असेल. असल्या नावाची कुठली बाई आपल्याला कधी भेटलेली नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली मुलगी तू, आणि रिकाम्या घरात आवाज ऐकत बसतेस? आजीने ऐकलं असतं तर लाटणं घेऊन आली असती. दुपारची झोपत जाऊ नकोस. बाहेर पड, चाल, जर्दाळू खा.

बाळाचं विचारलंस. नाही, आवाज काही केला नाही. शांत गेली. माझ्या मांडीवर होती. याहून पुढे आता विचारू नकोस, मला सोसत नाही.

तुझी
शोभनामावशी


ॲन आर्बर
५ ऑक्टोबर १९९५

मावशी,

तुझं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घड्या फाटायला आल्यात. तू लिहिलंस आणि मला सगळं उलगडलं. मूल गेल्यावर एकट्या उरलेल्या आईचं नाव! ते माझ्याच घरात, माझ्याच कानात यावं, हा काय योगायोग आहे?

मला आता काय वाटतं ते सांगते, हसू नकोस. हे तिचं नाव आहे. आपण तिला नाव दिलं नाही, म्हणून तिने स्वतःच शोधून आणलं.

आठव ना. हॉस्पिटलातली ती फॉर्मवाली बाई रोज येऊन विचारायची, बाळाचं नाव काय लिहू? आणि आपण रोज सांगायचो, आमच्यात नामकरण बाराव्या दिवशी होतं, नाव नागपूरहून आजी कळवणार आहे, तोवर थांबा. केवढ्या ऐटीत सांगायचो. बाळ तीनच दिवस थांबलं. मग त्या बाईने ‘बेबी गर्ल मेश्राम’ लिहून टाकलं. दफनभूमीत मुलांच्या कोपऱ्यात अजून तीच पत्र्याची पाटी आहे. दीड वर्ष झालं. गवत कापायच्या यंत्राने ती वाकलीय. मी दर वेळी जाऊन सरळ करते.

दुसरं बाळ यायच्या आत मला ती पाटी काढायची आहे. या येणाऱ्याला उद्या सांगायचं काय, तुझी मोठी बहीण होती, तिचं नाव बेबी गर्ल? म्हणून मी दगडाची ऑर्डर देऊन आले. करडा ग्रॅनाइट, जमिनीत बसवायचा. त्यावर ‘सोलेदाद मेश्राम’ आणि तारखा. दगडवाला म्हातारा भला आहे. तो म्हणाला, सहा नोव्हेंबरला अक्षरं कोरतो, कारण महिनाअखेरीला जमीन गोठली की एप्रिलपर्यंत दगड बसवता येत नाही. एप्रिलपर्यंत मी थांबणार नाही.

ऑर्डर देऊन आले त्या दुपारी हाक आली नाही. दुसऱ्या दिवशी आली. पण आता मी घाबरत नाही. सोफ्यावर पडल्या पडल्या ‘ओ’ देते.

जागृती


ईडन प्रेरी
११ ऑक्टोबर १९९५

चि. जागृती,

तू ‘ओ’ देतेस हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. फोन उचलला होता, पण देवानंदने घेतला तर काय बोलू, म्हणून ठेवून दिला.

अगं, नाव म्हणजे काय खेळ आहे? दगडावर एकदा कोरलं की कोरलं. ते नाव ख्रिस्ती लोकांचं. त्याच्या मागे त्यांची श्रद्धा आहे, त्यांची मूर्ती आहे. आपण एका धर्मातून केवढ्या कष्टाने बाहेर पडलो, ते तुझ्या मुलीला दुसऱ्याच्या देवळात नेऊन बसवायला? राधाताईला, तुझ्या आईला, काय सांगशील? तिला इंग्रजी अक्षरं लागत नाहीत, पण अर्थ विचारेल ना. आजीने नातीचं नाव ‘एकटेपणा’ ऐकायचं?

तू म्हणशील, आपल्याकडेही नावं होतीच की. हो, होती. आपल्या आजीचं नाव धोंडाबाई, कारण तिच्याआधीची तीन गेली. हिला मृत्यूने दगड समजावं आणि सोडून द्यावं, एवढाच बेत. आजी अठ्ठ्याऐंशी वर्षं जगली आणि मरेपर्यंत त्या नावाचा राग करत राहिली. मला सांगायची, जिवंत राहिले ते ठीक, पण माणसाने मला नावच दिलं नाही, नुसता आडोसा दिला. तिचं ऐक. घाईत आणि भीतीत ठेवलेलं नाव माणसाला आयुष्यभर टोचतं.

दगड थांबव. एप्रिलमध्ये मी स्वतः येईन. तेव्हा बसून, नीट विचार करून, छान नाव ठेवू.

मावशी


ॲन आर्बर
१७ ऑक्टोबर १९९५

मावशी,

तू अशी का वागतेस? तीन वर्षांपूर्वी पिलारच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तू साडी नेसून गेली होतीस, केक खाऊन आलीस. आता एकदम ख्रिस्ती नाव टोचायला लागलं?

टोचेल असं नाव म्हणतेस. कुणाला टोचणार? तिला? ती टोचून घ्यायला उरलीय कुठे!

मला राग येतोय आणि मला तुझ्यावर रागवायचं नाही. त्या खोलीत मी नव्हते, तू होतीस. मला ताप होता, मी औषधाच्या गुंगीत पडून होते, आणि माझ्या जागी तू तिला धरून बसलीस. त्या एका गोष्टीवर मी हे दीड वर्ष काढलंय. रात्री जाग आली की स्वतःला सांगते, ती मावशीच्या मांडीवर होती, आपल्या माणसाच्या मांडीवर. म्हणून तुझ्याकडून मला होकार हवा होता. नाही म्हणालीस तरी दगड कोरला जाणार आहे. सहा तारखेला.

एक गोष्ट मनात राहते. तू लिहिलंस, ‘असल्या नावाची कुठली बाई आपल्याला कधी भेटलेली नाही.’ मी तर तसं विचारलंच नव्हतं.

जागृती


ईडन प्रेरी
२४ ऑक्टोबर १९९५

जागृती,

हे पत्र बसून वाच. देवानंद घरी असताना वाच.

मी खोटं लिहिलं. सोलेदाद नावाची बाई आपल्याला भेटली आहे. हॉस्पिटलात तुझ्या बाळाच्या खोलीत दिवसपाळीची नर्स होती, ठेंगणी, जाड वेणी अंबाड्यात बांधलेली. तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर ते नाव होतं. तीन दिवस मी ते वाचत होते. तुझ्या पहिल्या पत्रात ते नाव पाहिलं तेव्हाच मी ते ओळखलं.

पिलारला मी अर्थ खरंच विचारला. तो खरा आहे. बाकी सांगते.

त्या सकाळी डॉक्टर म्हणाले की आता फार वेळ नाही. देवानंद तुझ्या खोलीत धावला. मी बाळाजवळ एकटी होते. आणि माझ्या मनात एकच आलं, हिला नाव नाही. बारा दिवस, बारा दिवस म्हणून त्या फॉर्मवाल्या बाईला परत पाठवणारी मीच होते, जागृती. तू आणि देवानंद तर कधीच सांगून मोकळे झाला असता. पद्धत सोडायची नाही, हा हट्ट माझा. ही आता बिननावाची जाणार, हे मला बघवेना. मी पर्समधलं फोनकार्ड काढलं आणि खाली लॉबीत पळाले, नागपूरला फोन लावायला.

तेव्हा राधाताईकडे फोन नव्हता, तुला ठाऊक आहे. शेजारच्या सुहासिनीबाईंकडे लावला. त्यांनी मुलाला पाठवलं, ताई स्वयंपाक टाकून येईपर्यंत मी रिसीव्हर धरून उभी. मग ताई आली. मी म्हटलं, नाव सांग, आत्ता सांग. ती घाबरली, का विचारत राहिली. मी ओरडले तिच्यावर. मग तिने सांगितलं.

वर आले तेव्हा ती गेली होती.

नळ्या काढलेल्या होत्या. ती नर्स खुर्चीत बसली होती आणि बाळ तिच्या मांडीवर होतं. मी आत शिरताना कॉरिडॉरमधून दुसरी नर्स तिला हाका मारत होती, ‘सोलेदाद! सोलेदाद!’ काहीतरी काम असावं. ती उठली नाही. तिने वरसुद्धा पाहिलं नाही. मग मला पाहिलं आणि बाळ माझ्याकडे दिलं.

आणि तू तिथे होतीस, जागृती. तुला आठवत नाही. देवानंदने भांडून तुझी खाट दारापर्यंत आणवली होती. तुझ्या तापामुळे आत येऊ देईनात, म्हणून खाट कॉरिडॉरमध्येच थांबवून तो डॉक्टरांची परवानगी आणायला गेला होता. दाराच्या पलीकडे तू डोळे मिटून पडलेली. ती हाक तू तिथे ऐकलीस. ती तुझ्या मुलीने आणलेली नाही. ती तूच जवळ ठेवली आहेस.

पाच मिनिटांनी देवानंद आत आला, त्याला बाळ माझ्या मांडीवर दिसलं. त्याने काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. दोन दिवसांनी तू शुद्धीवर येऊन विचारलंस, ‘मावशी, तू होतीस ना जवळ?’ मी हो म्हटलं. तेवढंच तुझ्याकडे उरलेलं दिसत होतं. मग ते परत घेता येईना.

दगडावर ते नाव कोरू नकोस. ते तिला धरणाऱ्या बाईचं आहे, तिचं नाही. तिचं नाव आहे. ताईने फोनवर सांगितलेलं मी त्या दिवसापासून कुणाला बोलले नाही, आणि ताईला शपथ घातली की तिनेही बोलू नये. गेल्या जिवाचं नाव सांगून तुला आणखी दुःख कशाला द्यायचं, असं वाटलं. तिचं नाव उत्पला. निळं कमळ. ताईने तुझ्या सातव्या महिन्यातच ठरवून ठेवलं होतं.

ती पाच मिनिटं मी तिला मांडीवर घेऊन बसले, तेव्हा मला ते तिच्या कानात सांगता आलं असतं. तेही माझ्याच्याने झालं नाही.

शोभना


ॲन आर्बर
४ नोव्हेंबर १९९५

मावशी,

जय भीम. जागृतीच्या वतीने मी लिहितोय, तिला माहीत नाही. तुमचं पत्र आम्ही दोघांनी वाचलं. ती रडली नाही. दगडवाल्याला फोन करून कोरायचं काम थांबवलं आणि मग आठ दिवस माझ्याशीही कामापुरतंच बोलली. ‘तुला माहीत होतं का?’ असं एकदाच विचारलं. मला माहीत नव्हतं. मी आत आलो तेव्हा तुम्ही बाळाला घेऊन बसला होता, एवढंच मी पाहिलं.

खाट दारापर्यंत आणली होती, हे मात्र मी तिला कधी सांगितलं नाही. इतक्या जवळ येऊन आत जाता आलं नाही, हे तिला कळू नये असं वाटायचं. म्हणजे लपवणाऱ्यांत मीही आहे. तुम्हाला बोलायचा मला हक्क नाही.

काल ती लायब्ररीत न जाता बसने हॉस्पिटलला गेली. मला सोबत येऊ दिलं नाही. तुम्ही सध्या फोन करू नका, प्लीज. तीच लिहील असं वाटतं.

आपला
देवानंद


ॲन आर्बर
२७ नोव्हेंबर १९९५

मावशी,

पत्राला महिना लावला. तुला शिक्षा म्हणून लावला, हे कबूल करते. तू रोज मेलबॉक्स उघडत असशील आणि तुला काही मिळू नये, असं मला खरंच वाटत होतं. आता पुरे.

मी सोलेदादला भेटले. ती अजून त्याच वॉर्डात आहे. मी नाव सांगण्याआधीच तिने माझ्याकडे दोनदा पाहिलं. मग म्हणाली, ‘यू वेअर इन द हॉलवे.’ आम्ही खालच्या कॅफेटेरियात बसलो. तिने तिच्या नावाची गोष्ट सांगितली. आजीचं नाव तिला दिलंय. तिच्याआधी तिच्या आईचं एक मूल गेलं होतं, म्हणून हे नाव. लहानपणी तिला अर्थाची लाज वाटायची, शाळेत ती ‘सॅली’ म्हणून सांगायची. नर्स झाल्यावर बिल्ल्यावर पूर्ण नाव लावून घेतलं. मी विचारलं, का? ती म्हणाली, इथे येणाऱ्या आयांना कुणीतरी हे नाव लावून उभं असलेलं बरं वाटतं, निदान ज्यांना कळतं त्यांना.

मग मी विचारलं, माझी मुलगी जाताना तुम्ही तिच्याशी काय बोललात? ती म्हणाली, तिला काय नावाने हाक मारायची म्हणून चार्ट पाहिला, तर नाव नव्हतं. बाहेरून तिला हाका मारत होते ते तिने ऐकलं होतं, पण बाळाची मूठ अजून तिच्या बोटाभोवती होती. म्हणून उठली नाही. आणि ती बाळाला एकच सांगत राहिली, तिच्या भाषेत, पुन्हा पुन्हा. ‘तुझी आई दारात आहे.’

मावशी, मी त्या कॅफेटेरियात टेबलावर डोकं ठेवून इतकी रडले की शेजारचे लोक उठून गेले.

दगड मागच्या मंगळवारी बसला. म्हाताऱ्याने जमीन गोठायच्या चार दिवस आधी घाई करून बसवला. ‘उत्पला मेश्राम’. खाली तारखा, बाकी काही नाही. देवानंदने आईला नागपूरला फोन करून ठेवला होता, त्या ठरल्या वेळेला तिने तिथे त्रिशरण म्हटलं, आम्ही इथे म्हटलं. आई तुला दोष देत नाही. म्हणाली, शोभना त्या दिवशी फोनवर ओरडली तेव्हाच मला कळलं होतं.

सोलेदाद ड्यूटी संपवून आली होती, हॉस्पिटलच्या कपड्यांवर कोट घालून. मी तिला दगडावरचं वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘से इट अगेन?’ मी पुन्हा म्हटलं. मग ती गुडघ्यांवर बसली, हातमोजा काढला, दगडावर हात ठेवला आणि तिच्या पद्धतीने जरा लांबवून म्हणाली, ‘उत्पाला’. माझ्या मुलीला जिने धरलं होतं, तिने तिला पहिल्यांदा नावाने हाक मारली.

त्या दिवसापासून दुपारची हाक बंद आहे. तुला वाटेल मी सुटले. मला सोफ्यावर पडल्यावर अजून कान लावावासा वाटतो, आणि काही येत नाही तेव्हा घर फार मोठं वाटतं.

तुझ्यावरचा राग पूर्ण गेलेला नाही. जाईल. तू तिच्यासाठीच पळालीस, हे मला कळतं. मी तुझ्या जागी असते तर मीही पळाले असते, बारा दिवसांचा हट्टही कदाचित धरला असता. पण मांडीचं खोटं बोलायला नको होतंस. त्या खोट्याच्या आधारावर मी दीड वर्ष झोपले, म्हणून जास्त लागतं.

फेब्रुवारीत बाळंतपणाला ये. आई व्हिसासाठी धडपडतेय, पण मला तू हवी आहेस. नाव अजून सुचलेलं नाही आणि मी कुणालाही विचारणार नाही. फॉर्मवाली बाई आली की जे तोंडात येईल ते सांगून मोकळी होईन. तू फक्त खुर्ची ओढून बाळाजवळ बस. आणि काही झालं, काहीही झालं, तरी या वेळी फोन करायला खाली जाऊ नकोस.

तुझी
जागृती